फलाटावरचे कलते दिवे

४ फेब्रुवारी

आत्यांना नमस्कार.

वर ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, ते खोडलं. लग्नात तुम्हीच माझ्या कानात म्हणाला होतात, "मला तीर्थरूप म्हणणारा माणूस हमखास काहीतरी मागायला आलेला असतो." तर आत्या, मी मागायलाच आले आहे, तेव्हा निदान सोंग तरी नको.

बाबांनी कारखाना बंद करायचं ठरवलंय. डिसेंबरअखेर. परवा सकाळी चहा पिताना सांगून टाकलं, दूधवाला बदलल्यासारखं. तुमचा भाचा पेपर वाचत होता. तो ‘बरं’ म्हणाला आणि त्याने पान उलटलं. मग बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, तुझं अक्षर चांगलं आहे. इतकी वर्षं लोकांनी आपला माल घेतला, तर जाताना त्यांच्या हातात कारखान्याचा छोटासा इतिहास ठेवू. लिही आठ-दहा पानं."

मी वही घेऊन बसले. विचारलं, "सुरुवात कशी झाली?" तर म्हणाले, "सुरू केला. चालवला. आता पुरे." झाला इतिहास! आठ पानांपैकी पावणेआठ कोरी. सुरुवातीपासून त्यांच्याबरोबर होतं असं माणूस म्हणजे फक्त तुम्ही. म्हणून हे पत्र.

तुम्ही सोडून गेलात त्यानंतर कारखाना फारसा बदललेला नाही. घराखालच्या त्याच दोन खोल्या. आतल्या खोलीत ओतारीमामांची भट्टी, बाहेरच्या खोलीत आमची टेबलं. लोक हौसेने घरात छोट्या आगगाड्यांचे रूळ टाकतात, त्यांच्या स्टेशनांसाठी अजूनही सगळं करतो: फलाटावरचे दिवे, बाकं, सिग्नल, कुंपणं, झाडं, आणि नखाएवढी माणसं. सगळं खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान. आधी मी एका वास्तुरचनाकाराच्या ऑफिसात इमारतींची पुठ्ठ्याची मॉडेलं करायचे. दोन वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून खाली आले, ते आजतागायत.

एक गोष्ट तुम्हालाच सांगते, पोटात ठेवा. मला कारखाना बंद व्हायला नकोय. मला तो चालवायचा आहे. बाबांना हे सांगायची हिंमत झालेली नाही.

तुमची,
सून


१२ फेब्रुवारी

सूनबाई,

पत्र पोचलं. अक्षर खरंच चांगलं आहे, दादा तेवढं बरोबर बोलला.

आता कडू बोलते, राग मानू नकोस. मानलास तरी मी इतकी लांब आहे की मला काही त्याची झळ लागत नाही. दादा थकलाय. त्याला थांबायचं असेल तर थांबू दे. घरात म्हातारा माणूस ‘पुरे’ म्हणाला की चांगल्या सुनांच्या पोटात कालवाकालव होते, ‘मी सांभाळते ना, बाबा’ असं तोंडातून निघून जातं, आणि मग जन्मभर निस्तरत बसावं लागतं. मी अशा दोघी-तिघी पाहिल्यात. तुझी चांगली नोकरी होती. ती तू दादाच्या दयेपोटी सोडलीस की काय, अशी मला तेव्हाच शंका आली होती. कोणी विचारलं नाही म्हणून बोलले नाही.

नखाएवढ्या माणसांचे डोळे रंगवता रंगवता माझे डोळे गेले. आता सुईत दोरा ओवायला शेजारणीच्या मुलीला हाक मारते, आणि माझे शिवणाचे वर्ग आहेत म्हणे! तेव्हा त्या कामाचं कौतुक मला सांगू नकोस.

इतिहास हवा असेल तर सांगेन. पण आधी खरं सांग, तुला कारखाना हवाय की शाबासकी?

आत्या


१९ फेब्रुवारी

आत्या,

राग मानू नकोस म्हणालात, पण मी मानला. चांगला दोन दिवस मानला. तुमच्या भाच्याला उगाच बोलणी खावी लागली.

दया? आत्या, त्या ऑफिसात मी बिल्डरांसाठी पुठ्ठ्याचे मनोरे करायचे. वरती छोटी झाडं चिकटवायची, खाली छोट्या मोटारी. एका मॉडेलसाठी बाबांकडून एक बाक नेलं होतं. सगळ्या मनोऱ्यात तेवढं बाक खरं वाटत होतं. साहेब येऊन मनोरा सोडून बाकाकडेच बघत बसले. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. ह्यात दया कुठे आली?

आणि शाबासकीचं म्हणाल, तर तीच मला नको झाली आहे! ऐका. ओतारीमामांवर बाबा दिवसभर ओरडतात. भट्टी तापली ओरड, नाही तापली ओरड, साचा लवकर उघडला तर विचारूच नका. मामा इतके कमी बोलतात की त्यांच्या वाटचं बोलणं बहुतेक बाबाच बोलून घेतात. आणि माझ्यावर? दोन वर्षांत एकदा आवाज चढवला असेल तर शपथ. मी काहीही नेऊन दाखवलं की हातभर लांब धरतात, मान हलवतात आणि म्हणतात, "छान." बाक, छान. कुंपण, छान. एकदा मी मुद्दाम एका पायाने आखूड बाक नेऊन दाखवलं. तेही छान!

सुनेला दुखवायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात असतं. मी कारागीर म्हणून त्यांना दिसतच नाही. मग कारखाना मागणार कुठल्या तोंडाने? त्यांनी तोही ‘छान’ म्हणून दिला तर? तसला मला नको आहे. माझं काम एकदा तरी नीट बघावं, चुकलं तर खडसावावं, आणि मग ठरवावं की हिच्या हातात द्यायचा की नाही. एवढंच हवंय. शाबासकी नको आत्या, ओरडा हवाय.

आता तरी इतिहास सांगाल का?

सून


२७ फेब्रुवारी

अगं वेडे,

ओरडा हवाय म्हणे! मी दादाचा इतका ओरडा खाल्लाय की थोडा पार्सलने पाठवला असता तरी मला कमी पडला नसता. माझे शब्द मागे घेते. तुला दयेची बाधा नाही, दुसरीच काहीतरी बाधा आहे, आणि ती मला चांगली ओळखीची आहे.

घे इतिहास. दादा घड्याळं दुरुस्त करायच्या दुकानात होता. तिथे एक दाताचे डॉक्टर यायचे. जाडजूड, आवाज भसाडा, आणि घराच्या माडीवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत खेळण्यातली आगगाडी! एकदा मोडका सिग्नल खिशात घालून आले. दादाने घड्याळातली स्प्रिंग घालून दिला. सिग्नलचा हात असा खाडकन पडायला लागला की डॉक्टर तिथेच टाळ्या वाजवायला लागले. मग म्हणाले, दिवे करून दे. दिवे झाले, मग म्हणाले, फलाट ओस पडलाय, माणसं दे.

माणसं कशी करायची ते कोणाला माहीत! दादाने मेणाचं एक माणूस कोरलं, पण त्याचा साचा कसा घ्यायचा? तेव्हा डॉक्टरांनी दातांचे साचे घ्यायचा तो गुलाबी लगदा आणून दिला. त्यात आपली पहिली माणसं ओतली. तेव्हा इतिहासात ‘दूरदृष्टी’ वगैरे लिहू नकोस. आपला कारखाना लोकांच्या दाढांच्या सामानातून जन्माला आला, असं सरळ लिही. पहिल्या माणसांना पुदिन्याचा वास यायचा.

गवत मी करायचे. लाकडाचा भुसा हिरवा रंगवायचा. आईच्या दुधाच्या पातेल्यात रंगवला. पुढे कितीतरी दिवस घरातलं दूध हिरवट दिसायचं आणि आई आम्हा दोघांकडे नुसती बघायची. तिचं ते बघणं मारापेक्षा वाईट होतं.

आता मुख्य गोष्ट. आम्हाला पहिली मोठी ऑर्डर आली ती एका खेळण्यांच्या दुकानाची. नुसते दिवेच दिवे. दादाने पितळी तारेचे खांब बैठकीवर बसवून कथलाचा डाख दिला, प्रत्येक खांबाला ओळंबा लावून, डोळ्यांत तेल घालून. माल गेला आणि सगळाच्या सगळा परत आला. सगळे दिवे एकाच बाजूला कललेले, वारा सुटल्यासारखे! दादा म्हणे शक्यच नाही, मी ओळंबा लावलाय. भांडायला निघाला होता. डॉक्टर आले, त्यांनी एक दिवा सपाट काचेवर ठेवला, आपली ती भली मोठी हनुवटी काचेला टेकवली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "ओळंबा बरोबर आहे रे, तुझं टेबल उतरतं आहे." झालं होतं असं, की टेबलाचा एक पाय आखूड होता. बैठका टेबलाबरोबर उतरत्या, खांब मात्र ओळंब्यात. असली चूक करायला आमच्यासारखेच हुशार लागतात!

त्या दिवसापासून कारखान्याचा कायदा झाला. वस्तू वरून बघायचीच नाही. खिडकीजवळ काचेचं टेबल, त्यावर वस्तू ठेवायची, हनुवटी टेकवायची आणि त्या नखाएवढ्या माणसाच्या उंचीवरून बघायचं. वरून सगळंच छान दिसतं गं. दादाची हनुवटी टेकल्याशिवाय एक खिळाही बाहेर गेलेला नाही. माझी माणसं त्याने इतक्यांदा नापास केली की मी एकदा ब्रश त्याच्या चहात बुडवला होता.

म्हणून विचारते. तो तुला छान म्हणतो, तेव्हा त्याची हनुवटी कुठे असते?

आत्या


१० मार्च

आत्या,

तुमचं पत्र वाचलं आणि मी सरळ खाली जाऊन ओतारीमामांसमोर उभी राहिले. विचारलं, बाबा काचेच्या टेबलावर हनुवटी टेकवायचे का? मामांनी भट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "आधी." त्यांचं हे एका महिन्याचं बोलणं झालं.

मी आले तेव्हापासून त्या टेबलावर खोकी ठेवलेली आहेत. मला वाटायचं ते खोक्यांचंच टेबल आहे!

मग रात्री तुमच्या भाच्याची उलटतपासणी घेतली. आधी ताकास तूर लागू देईना. शेवटी बोलला. मी खाली यायच्या थोडं आधी बाबांची कंबर धरली. वाकताच येत नाही. शर्टाच्या आत पट्टा असतो, तो रोज सकाळी हा बांधून देतो, आणि ‘तिला सांगायचं नाही’ अशी ताकीद आहे. एकाच घरात राहून मला पत्ता नाही! ह्या बापलेकांनी मला चांगलीच शेंडी लावली.

म्हणजे आत्या, दोन वर्षं बाबांनी माझं काम बघितलेलंच नाही. माझंच काय, स्वतःचंही नाही.

पुढचं जास्त वाईट आहे. आपले सगळ्यात जुने गिऱ्हाईक आहेत ना, निवृत्त गार्ड, त्यांच्याकडे मी बाकं पोचवायला गेले. त्यांचं स्टेशन बघितलं. फलाटावर सगळे जुने दिवे. मी विचारलं, ह्या वर्षी बाबांनी केलेले नवे कुठे आहेत? ते चाचरायला लागले. मग मालधक्क्याच्या मागे बोट दाखवलं. तिथे ओळीने उभे केले होते, येणाऱ्याच्या नजरेला पडू नयेत असे लपवलेले. मी खाली वाकून बघितलं. एकही सरळ नाही. गार्डकाका म्हणाले, "त्यांना सांगू नका हो. त्यांनी विचारलं तर मी छान आहेत असंच सांगितलंय." खेळण्यांच्या दुकानदाराकडे गेले, तिथेही तेच. त्यांनी तर दिवे विकायलाच ठेवलेले नाहीत. कपाटात आहेत.

म्हणजे सगळं गाव बाबांना छान म्हणतंय आणि बाबा मला छान म्हणतायत. मला हसावं की रडावं कळेना. गार्डकाकांच्या जिन्यात उभी राहून दोन्ही करून घेतलं.

पण मला युक्ती सुचली आहे. बाबा वाकू शकत नाहीत ना? मग टेबल उचलायचं! मामा लाकडाचे चार ठोकळे करून देणार आहेत. खुर्चीत ताठ बसलं की काच बरोबर डोळ्यांसमोर येईल. रविवारी बाबा मित्राकडे जातात, तेव्हा बसवून टाकते. सोमवारी खाली आले की दिसेलच. कशी वाटली?

तुमची,
सून


१५ मार्च

सूनबाई,

थांब! टेबलाला हात लावू नकोस. युक्ती सोन्यासारखी आहे, पण अशी गुपचूप केलीस तर गेलं सगळं. तो कंबर तुझ्यापासून लपवतोय, आणि तू ठोकळ्यांवर टेबल चढवून त्याला सांगणार की मला सगळं माहीत आहे? आणि तेही ओतारीसमोर? दादाला मी ओळखते. तो चिडला तर बरं, पण तो चिडणार नाही, गप्प होईल, आणि त्याचं गप्प होणं फार वाईट असतं. आधी त्याच्याशी बोल. नाही तर मला बोलू दे.

घाईत लिहिते आहे, वर्गाच्या बायका दारात उभ्या आहेत.

आत्या


१९ मार्च

आत्या,

तुमचं पत्र आज मिळालं. टेबल रविवारीच चढवलं होतं.

सोमवारी बाबा खाली आले. मी काच लख्ख पुसून ठेवली होती, समोर खुर्ची, आणि काचेवर दोन दिवे: एक माझा, एक त्यांचा. कशाला ठेवला मी त्यांचा? मला अक्कल कशी ती नाहीच. वाटलं होतं, दोघांचं काम शेजारी शेजारी बघतील, त्यांनाही गंमत वाटेल. ते खुर्चीत बसले. ठोकळ्यांकडे बघितलं. मग काचेकडे बघितलं, बराच वेळ. मामांनी आतून हातोडी थांबवली. मला वाटलं आता ओरडतील. माझा जीव टांगणीला लागला होता आणि आत्या, खरं सांगते, मी मनातून खूश होते.

ते उठले, म्हणाले, "छान." आणि वर निघून गेले.

तेव्हापासून खाली आलेले नाहीत. जेवतात, पेपर वाचतात, मला ‘मीठ दे’ म्हणतात. कारखान्याचं नाव काढत नाहीत. मी दोनदा बोलायला गेले, तर म्हणाले, "इतिहास कुठवर आला?" जसं काही तेवढंच उरलंय.

तुम्ही म्हणालात तसंच झालं. कारखाना मागायचा राहिला बाजूला, आहे त्या खोलीतूनही त्यांना मीच उठवलं. आता ते डिसेंबरचीही वाट बघतील असं वाटत नाही. मी हातपाय गाळून बसले आहे. समोर दिव्यांचे खांब पडलेत आणि हात लावायची इच्छा होत नाही.

सून


२४ मार्च

दादा,

पत्र बघूनच तुझ्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. पडू देत. तुझ्या सुनेने मला काही गोष्टी पोटात ठेवायला सांगितल्या होत्या. माझं पोट तुला माहीत आहे. लहानपणीही काही राहायचं नाही.

तिला तुझ्या खोल्या नकोत, तुला घरी बसवायचं नाही, आणि तुझी कीवही येत नाही तिला. ती पोरगी नोकरी सोडून आली ती तुझ्या एका बाकापायी. दोन वर्षं ती तुझ्यासमोर काम आणून धरते आहे, आणि तू छान छान करून तिला वाटेला लावतो आहेस. तिला कारखाना चालवायचा आहे. पण तू आधी तिचं काम बघून खडसावल्याशिवाय तो मागायचा नाही, असा तिचा हट्ट आहे. असा हट्ट तू आणि मी सोडून तिसऱ्या माणसात मी पहिल्यांदाच बघितला.

टेबल उचललं म्हणून तुझा अपमान झाला? अरे, ज्याला वाकता येत नाही त्याच्यासाठी जमीन वर आणायची, हे तुला सुचलं असतं तर तू महिनाभर मिरवला असतास. त्या पोरीला सुचलं. कंबर काय, सगळ्यांचीच जाते. माझे डोळे गेले, मी कुठे कपाटात लपवून ठेवलेत?

दादा, मी तुझ्या हाताखाली होते तेव्हा तू मला रोज रडवलंस. आज सांगते, त्या दिवसांइतकं सुख मला पुन्हा मिळालं नाही. तू माझं काम बघायचास. घरात बाकी कोणी माझ्याकडे इतकं बघत नव्हतं. तिला एवढं तरी दे.

उत्तर पाठव. नाही पाठवलंस तर मी येईन, आणि राहायला येईन. बघ काय परवडतं ते.

तुझी धाकटी


३१ मार्च

प्रिय धाकटे,

येऊ नकोस. म्हणजे ये, पण धमकी म्हणून येऊ नकोस.

माझा अपमान वगैरे काही झालेला नाही. तुला आणि तिला, दोघींनाही उलटंच कळलं. त्या दिवशी खुर्चीत बसलो, काच डोळ्यांसमोर आली, आणि कितीतरी दिवसांनी मी एक दिवा बघितला. पहिल्यांदा माझा बघितला. कललेला. शेजारी तिचा होता. तिचा सरळ होता. तिच्यासमोर काय बोलणार? तोंडाला सवय झाली होती, ‘छान’ म्हणालो आणि वर आलो.

काम बिघडतंय हे कुठेतरी कळत होतं म्हणूनच बंद करायला निघालो होतो. पण आपल्याला कळणं वेगळं आणि काचेवर दिसणं वेगळं. तिला खडसाव म्हणतेस. कुठल्या तोंडाने? ज्याचा स्वतःचा दिवा वाकडा त्याने दुसऱ्याला काय सांगायचं? वर ती म्हणेल, दोन वर्षं बघितलंत कुठे.

ती जेवायला वाढते तेव्हा माझ्याकडे बघत नाही. तिच्या बोटांना डाखाचे चटके बसलेत, नवे आहेत. म्हणजे मी जात नसलो तरी ती खाली जाते. तुला तिचं पत्र आलंय का? काय म्हणते?

तुला रोज रडवलं असं लिहिलंयस. मला वाटायचं रंगाने डोळे झोंबतात तुझे. मी उद्या खाली जाईन म्हणतो. काय बोलायचं ते ठरलेलं नाही.

दादा


२ एप्रिल

आत्या,

तुम्ही बाबांना सगळं लिहिलंत हे कळल्यापासून, ‘पोटात ठेवा’ असं तुम्हाला सांगितल्याचा पश्चात्ताप होत होता, तो आज संपला. तुम्हाला साष्टांग नमस्कार, तोही लांबून, म्हणजे कान धरता येणार नाहीत.

काल सकाळी बाबा खाली आले. शर्टावरून, चक्क शर्टावरून, पट्टा बांधलेला होता. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आण." मी विचारलं, काय आणू? तर म्हणाले, "सगळं. दोन वर्षांतलं जे असेल ते."

मी आधी दिवे नेले. बाबांनी एक दिवा काचेवर ठेवला, हनुवटी पुढे केली, एक डोळा मिटला. आत्या, मी त्यांचा असा चेहरा कधीच बघितला नव्हता. मग ते ओरडले. काय ओरडले आत्या! "हा दिव्याचा खांब आहे की पाण्याचा नळ? ह्याच्या मागे माणूस बसला तर तिकीट तपासनिसाला सापडायचा नाही! इतकी जाड तार कोणी वापरायला सांगितली?" मी म्हणाले, बारीक तार वाकते. "वाकणारच! जाड तार घेतली की सरळ राहते, ते कोणालाही जमतं. बारीक सरळ ठेवायची, त्यासाठी तर कारखाना काढायचा!" भट्टीशी मामा हसत होते. मामांना दात आहेत हे मला काल कळलं.

मीही गप्प बसले नाही. म्हणाले, तुमचे बारीक आहेत, पण एक तरी उभा आहे का सरळ? मला वाटलं, संपलं. बाबांनी स्वतःचा दिवा उचलला, माझ्या हातात चिमटा दिला आणि म्हणाले, "डाख सोडव. माझेही आणि तुझेही. गार्डाकडचे परत आण, दुकानातले परत आण." म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं, कोणी कुठे लपवलेत तेसुद्धा.

दिवसभर खांब सोडवत बसलो. बाकं बघून झाली, तीन ठीक निघाली, बाकीच्यांवर इतकं तोंडसुख घेतलं की वरून तुमचा भाचा घाबरून खाली आला. एका पायाने आखूड असलेलं ते मुद्दामचं बाकही हाती लागलं. ते बघून तर ते तडकलेच. "हे असलं तुला कोणी शिकवलं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हीच. छान म्हणाला होतात."

बाक काचेवर तसंच होतं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचा आवाज एकदम खाली आला. म्हणाले, "मग आता परत शिक."

आणि खुर्ची सरकवून त्यांनी माझ्यासाठी शेजारी जागा केली.

तुमची,
सून